वाहक कोण? एचआयव्ही, औषधाला न जुमानणारे जंतू आणि विटाळाचे नवे शास्त्र

वैद्यकशास्त्रात एक शब्द आहे, 'वाहक'. अंगात जंतू आहे, पण त्या जंतूमुळे आजार झालेला नाही, अशा माणसाला वाहक म्हणतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांच्या नाकात, घशात, आतड्यात प्रतिजैविकांना म्हणजे अँटिबायोटिक औषधांना न जुमानणारे जंतू इतरांपेक्षा जास्त प्रमाणात सापडतात, असे जगभरच्या अनेक संशोधनांतून पुढे आले आहे. हे खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही. आंबेडकरी माणसाने विज्ञानाला घाबरायचे नसते. माझे भांडण या निष्कर्षातून जो अर्थ काढला जातो त्याच्याशी आहे. तो अर्थ असा : "हे लोक सुपरबग पसरवतात. यांना वेगळे ठेवा. यांच्यापासून लांब राहा."

हे वाक्य तुम्हाला ओळखीचे वाटते का? आपल्या आजोबा-पणजोबांनी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकले होते. तेव्हा त्याला धर्मशास्त्राचा आधार होता, आज जीवाणूशास्त्राचा आधार दिला जातो. म्हणून हा विषय फक्त डॉक्टरांचा नाही. तो आपला आहे.

आधी विज्ञान नीट समजून घेऊ. एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्ये असे जंतू जास्त का सापडतात? प्रतिकारशक्ती कमी झाली की संसर्ग वारंवार होतात. संसर्ग झाला की प्रतिजैविके द्यावी लागतात. रुग्णालयात भरती व्हावे लागते, आणि औषधांना सरावलेले सर्वांत चिवट जंतू रुग्णालयातच असतात. शिवाय ज्यांचा सीडी-4 साडेतीनशेच्या खाली आहे, त्यांना रोज कोट्रायमॉक्साझोलची गोळी घ्यावी लागते. एआरटी केंद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला ही गोळी माहीत आहे. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया आणि टॉक्सोप्लाझ्मा यांसारख्या जिवावर बेतणाऱ्या आजारांपासून ती वाचवते. पण रोज घेतलेल्या प्रतिजैविकामुळे अंगातले साधे जंतू त्या औषधाला सरावतात. म्हणजे हे जंतू त्या माणसाच्या चारित्र्यातून आलेले नाहीत, तर त्याच्या आजारातून, त्याच्या औषधातून आणि त्याला जिथे झोपवले त्या वॉर्डातून आलेले आहेत.

दुसरी गोष्ट. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नाही. आतड्यात असा जंतू वर्षभर गपगुमान राहू शकतो. तो उलटतो कधी? प्रतिकारशक्ती ढासळली, शस्त्रक्रिया झाली, लघवीची नळी घातली, सलाईनची सुई चार दिवस तशीच राहिली, की तो रक्तात शिरतो. आणि मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या औषधाला दाद देत नाही. म्हणजे या जंतूचा पहिला बळी तो वाहक स्वतःच असतो. ज्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका, त्यालाच आपण धोका म्हणून दाखवतो! 2022 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासाने सांगितले की 2019 या एका वर्षात औषधरोधक जीवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावली. या मरणाऱ्यांच्या रांगेत पुढे कोण उभे असते, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आता प्रश्न असा की हे जंतू फक्त एचआयव्हीसह जगणाऱ्यांमध्येच आहेत का?

2017 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सुमारे 2000 डच प्रवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशी जाण्याआधी आणि परत आल्यावर त्यांच्या आतड्यातले जंतू तपासले. जाताना ज्यांच्यात असे औषधरोधक जंतू नव्हते, त्यांच्यापैकी 34 टक्के लोक ते घेऊन परत आले. आणि जे दक्षिण आशियात म्हणजे आपल्या भागात येऊन गेले, त्यांच्यात हे प्रमाण 75 टक्के होते. चारातले तीन! ही माणसे निरोगी, खात्यापित्या घरची, चांगल्या हॉटेलात उतरणारी. काही दिवस आपले पाणी प्यायले, आपले अन्न खाल्ले, आणि वाहक झाले. मग जे जन्मभर हेच पाणी पितात त्यांचे काय? कॉलेज रोडवरच्या बंगल्यात राहणाऱ्याच्या आतड्यात हे जंतू नाहीत आणि झोपडपट्टीतल्या एचआयव्हीग्रस्त बाईच्या आतड्यात आहेत, असे मानायला काहीही आधार नाही. फरक इतकाच की बंगल्यातल्याची तपासणी कोणी करत नाही आणि त्याच्या पासपोर्टवर कोणी लाल स्टिकर लावत नाही.

लाल स्टिकर म्हणजे काय, हे वॉर्डात फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. समाजकार्याच्या निमित्ताने रुग्णांसोबत दवाखाने फिरताना मी ते पाहत आले आहे. केस पेपरच्या कोपऱ्यात ठसठशीत खूण. खाटेच्या डोक्याशी चिकटवलेला कागद. भिंतीलगतची, संडासाजवळची शेवटची खाट. ड्रेसिंगला शेवटचा नंबर. शस्त्रक्रियेची तारीख पुढे, आणखी पुढे, आणि मग "मोठ्या दवाखान्यात घेऊन जा". कारण विचारले तर पूर्वी सांगत, "आम्हाला लागण होईल." आता कारण सुधारले आहे : "यांच्यामुळे वॉर्डात इन्फेक्शन पसरते." शेवटची खाट मात्र तीच राहिली.

खूण लावण्याने जंतू थांबतो का? थांबत नाही. उलट ज्याला खूण नाही तो सुरक्षित आहे असा भ्रम तयार होतो, आणि हात न धुता एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाण्याची मोकळीक मिळते. रुग्णालयात जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे स्वतः चालत जात नाही. तो हातांवरून जातो, स्टेथोस्कोपवरून जातो, न उकळलेल्या हत्यारांवरून जातो. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने हेच दाखवून दिले. तिथे बाळंतिणी तापाने मरत होत्या. ज्या वॉर्डात सुईणी बाळंतपण करत, तिथे मृत्यू कमी. ज्या वॉर्डात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपण करत, तिथे मृत्यू जास्त, कारण ते शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत. सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण तेव्हाच्या बड्या बड्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे मानले नाही. आपल्यासारख्या प्रतिष्ठित माणसाचे हात घाण असू शकतात, हे त्यांना पटेना. घाण नेहमी खालच्या माणसात असते, ही समजूत एकट्या भारताची नाही. भारताने तिला फक्त धर्म बनवले.

म्हणूनच 'सार्वत्रिक खबरदारी' हे तत्त्व आले. प्रत्येक रुग्ण वाहक असू शकतो असे धरून प्रत्येकाच्या बाबतीत तीच काळजी घ्यायची : हात धुणे, हातमोजे, निर्जंतुक साधने. यात भेदभावाला जागा नाही, म्हणून ते न्याय्य आहे. आणि कोण वाहक आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तेच शास्त्रीय आहे. एखाद्याच्या कल्चर तपासणीत धोकादायक जंतू सापडला आणि डॉक्टरांनी संसर्ग नियंत्रणाच्या नियमाने त्याला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवले, तर त्याला माझा विरोध नाही. तो नियम आमदाराला आणि मजुराला सारखाच लागू झाला पाहिजे. पण कल्चर न करता, फक्त एचआयव्ही आहे म्हणून माणसाला संडासाजवळ टाकणे हे कोणत्या पुस्तकात लिहिले आहे? ते मनुस्मृतीच्या संस्कारात आहे, जीवाणूशास्त्राच्या पुस्तकात नाही.

मित्रांनो, विटाळ आणि जंतू यांतला फरक आपल्याला महाडने शिकवला आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी तळ्यात ओतून! पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे म्हणजे शुद्धी आणि माणसाची ओंजळ म्हणजे विटाळ. विटाळाचे शास्त्र घाण शोधत नाही, ते माणूस शोधते. जंतूचे शास्त्र याच्या उलट चालते. ते माणसाची जात, पेशा, आजार विचारत नाही. पाणी कुठले, हात कोणाचे, औषध कोणते, गटार कुठे जाते, हे विचारते. जेव्हा जीवाणूशास्त्राचे नाव घेऊन कोणी गटार सोडून माणूस दाखवू लागतो, तेव्हा समजावे की 108 घागरी पुन्हा भरल्या जात आहेत.

चला तर मग, गटाराकडे जाऊ. हे जंतू घडतात कुठे?

पहिले ठिकाण गल्लीतले मेडिकल. ताप आला, दोन दिवसांच्या गोळ्या द्या. कायद्याने हे चालत नाही. 1 मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-1' लागू आहे. त्यातली प्रतिजैविके आणि टीबीची औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि डॉक्टर व रुग्णाच्या नावाची नोंद वहीत तीन वर्षे ठेवावी लागते. 2016 मध्ये केंद्र सरकारने औषधाच्या पाकिटावरच्या लाल रेषेची मोहीम काढली : लाल रेषा असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मोहीम चांगली, पण ती बोलते कोणाशी? रोजंदारीवर जाणाऱ्या बाईशी. सरकारी दवाखान्यात नंबर लावला तर तिचा एक दिवसाचा रोज बुडतो. पाच दिवसांच्या गोळ्यांचे पैसे तिच्याकडे नसतात, म्हणून ती दोन दिवसांच्या घेते. तिला पोस्टरवरून 'कोर्स पूर्ण करा' असे शिकवायचे आणि तिच्या वस्तीत संध्याकाळी उघडा असणारा सरकारी दवाखाना द्यायचा नाही, याला जनजागृती म्हणत नाहीत. हा दोष तिच्या पदरात बांधण्याचा प्रकार आहे.

दुसरे ठिकाण शेती आणि कोंबड्या. आपला नाशिक जिल्हा कुक्कुटपालनाचा मोठा जिल्हा आहे. कोंबडीचे वजन लवकर वाढावे म्हणून देशभरात खाद्यातून प्रतिजैविके दिली गेली. त्यात कॉलिस्टिनही होते. बाकी सगळी औषधे हरली की माणसाला वाचवायला डॉक्टर जे शेवटचे औषध काढतात, ते हे कॉलिस्टिन. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. तोपर्यंत माणसाचे शेवटचे औषध कोंबडीच्या वजनासाठी खर्ची पडत होते. तिकडे कसमादे पट्ट्यात डाळिंबावर तेल्या रोग आला की फवारणी कशाची होते, हे बागाईतदारांना विचारा : स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनच्या मिश्रणाची. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर सापडलेले पहिले प्रतिजैविक. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने शेतीतल्या या वापरावर बंदीचा मसुदा काढला. मी शेतकऱ्याला दोषी ठरवत नाही, त्याच्यावर कर्ज आहे आणि तेल्याने बाग जाते. मी एवढेच विचारते की डाळिंबाच्या बागेला कोणी 'वाहक' म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

तिसरे ठिकाण औषध कारखाने. 2007 मध्ये स्वीडिश संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथले, औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडले. माणसाला औषधाचा डोस दिल्यावर रक्तात जेवढे औषध उतरते, त्याहून हे कितीतरी जास्त. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविके किती असावीत याच्या मर्यादांचा मसुदा काढला. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. उद्योगाला सवलत मिळाली, रुग्णाला स्टिकर मिळाले.

चौथे ठिकाण नदी. न्यूकॅसल विद्यापीठ आणि आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी हरिद्वार-ऋषिकेश भागात गंगेचे पाणी तपासले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की यात्रेच्या मे-जून महिन्यांत एनडीएम-1 या रोधक जनुकाचे प्रमाण इतर काळाच्या सुमारे 60 पट होते. कारण उघड आहे : लाखो माणसे येतात आणि त्यांच्या मैल्याची सोय नसते. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. गोदावरी तीच आहे, नालेही तेच आहेत. सिंहस्थासाठी हजारो कोटींचे आराखडे होत असताना त्यात मैलापाणी शुद्ध करण्याला किती आणि घाट, रस्ते, रोषणाईला किती, हा प्रश्न आपण विचारणार आहोत की नाही? रामकुंडावरून पुढे गेलेले पाणी निफाड तालुक्यातल्या गावांकडे जाते. तिथे नदीकाठच्या वस्त्या कोणाच्या आहेत, हे मी सांगायला नको. यात्रेकरूही दोषी नाहीत. त्यांना कोणी वाहक म्हणू नये. पण मग तोच न्याय एचआयव्हीसह जगणाऱ्याला का मिळत नाही?

एनडीएम-1 वरून आठवले. यातले 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. 2010 मध्ये हे नाव गाजले तेव्हा आपल्या राज्यकर्त्या वर्गाचा संताप संताप झाला. संसदेत निषेध झाला. देशाची बदनामी, मेडिकल टुरिझमविरुद्ध कट, शहराचे नाव जंतूला देणे हा अन्याय, असे सगळे बोलून झाले. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये ते जनुक सापडल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरी मी मान्य करते की जंतूला शहराचे नाव देणे वाईटच. पण ज्यांना दिल्लीच्या नावाला लागलेला डाग इतका झोंबला, त्यांना खाटेवरच्या माणसाच्या कपाळावरचा डाग दिसत नाही. कलंक काय असतो हे त्यांना स्वतःवर आल्यावरच कळले, आणि तेही फक्त स्वतःपुरते.

आता एका धोकादायक युक्तिवादाचे उत्तर देणे आवश्यक आहे. काही शिकलेले लोक म्हणतात, "कोट्रायमॉक्साझोलमुळे रोधक जंतू वाढतात ना? मग ती गोळी बंद करा, समाजाच्या भल्यासाठी." ऐकायला हे शास्त्रीय वाटते. उत्तरही शास्त्रातूनच घ्या. झांबियात एचआयव्ही असलेल्या मुलांवर याची चाचणी झाली आणि 2004 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. त्या भागातले बहुसंख्य जंतू या औषधाला आधीच दाद देत नव्हते. तरीही गोळी घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यू 43 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे रोधकता आहे हे खरे आणि गोळी जीव वाचवते हेही खरे. दोन्ही सत्ये एकत्र पेलावी लागतात. गोळी कधी सुरू करायची आणि सीडी-4 वाढल्यावर कधी थांबवायची, याचे नियम राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत आणि तो निर्णय एआरटी केंद्राच्या डॉक्टरचा आहे. कोणाच्या सांगण्यावरून ती मनाने बंद करू नका. 'समाजाच्या भल्यासाठी' त्याग करायची पाळी नेहमी सर्वांत खालच्यावरच का येते? कोंबडीचे खाद्य, कारखान्याचा नफा, बड्या दवाखान्यांचा सर्दीलाही महागडे इंजेक्शन देण्याचा धंदा, या सगळ्यांना हात न लावता पहिली गोळी कोणाच्या हातून काढून घ्यायची? ज्याला तिची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती इथे औषधाच्या डब्यापर्यंत पोचली आहे.

रोधक जंतू कमी करायचे असतील तर एचआयव्हीसह जगणाऱ्यांची एआरटी अखंड चालली पाहिजे. सीडी-4 वाढला की संसर्ग कमी, भरती कमी, प्रतिजैविके कमी. इतके सरळ गणित आहे. पण व्यवस्था काय करते? 2022 च्या जुलैमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या कार्यकर्त्यांना दिल्लीत नॅकोच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडून बसावे लागले, कारण केंद्रांवर औषधांचा तुटवडा होता. नॅकोच्या 2021 च्या अंदाजानुसार देशात सुमारे 24 लाख माणसे एचआयव्हीसह जगतात आणि त्यांतली जवळपास 4 लाख महाराष्ट्रात आहेत, देशात सर्वाधिक. हा प्रश्न महाराष्ट्राचा आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण अर्धवट. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित मजुराच्या खटल्यात निकाल दिला की काम करण्यास सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. 2017 मध्ये संसदेने एचआयव्ही-एड्स कायदा केला आणि तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. उपचार नाकारणे किंवा उपचारात भेदभाव करणे बेकायदा. उपचारासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे बेकायदा. रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे बेकायदा, मग खाटेवरचा कागद काय आहे? 20 किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक. राज्यात लोकपाल, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात शक्यतो 24 तासांत आदेश. हे सगळे कागदावर आहे. पण याच कायद्यात सरकारने एआरटी आणि संधिसाधू आजारांवरचे उपचार 'शक्य तितके' पुरवावेत असे लिहिले आहे. 'शक्य तितके'! रुग्णाने गोळी रोज घ्यायची, एकही चुकवायची नाही, आणि सरकारने ती शक्य तितकी द्यायची. संविधानाच्या 21 व्या कलमात जगण्याचा हक्क आहे, तो शक्य तितका जगण्याचा हक्क नाही.

या सगळ्यात एक माणूस कायम अदृश्य असतो, रुग्णालयातला सफाई कामगार. रक्ताचे बोळे, सुया, मैला त्याच्या हातून जातो. तो ठेकेदाराचा, त्याची जात बहुतेक वेळा ठरलेली, त्याचे हातमोजे फाटलेले. जैववैद्यकीय कचरा नियम 2016 प्रमाणे या कचऱ्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला संरक्षक साधने आणि हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस मिळालीच पाहिजे. त्याला जंतू लागला तर तोही उद्याचा वाहक ठरणार. एचआयव्हीसह जगणारा रुग्ण आणि सफाई कामगार, या दोघांना एकमेकांची भीती घालणे व्यवस्थेला सोयीचे असते. दोघांना एका मागणीवर उभे करणे हे आपले काम आहे.

आणि आता आपल्या लोकांशी. आपल्या वस्तीतही एचआयव्हीचे नाव निघाले की दार लावले जाते. 14 एप्रिलच्या मंचावर शिष्यवृत्तीवर भाषण होते, अॅट्रॉसिटीवर होते, या विषयावर होत नाही. विधवा झालेल्या एचआयव्हीबाधित सुनेला तिचे ताट वेगळे करून देणाऱ्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. वेगळे ताट कशाचे चिन्ह आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला हवे का? विनयपिटकात कथा आहे : अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी हात लावत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले आणि संघाला सांगितले की एकमेकांची शुश्रूषा तुम्हीच केली पाहिजे. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, आणि त्याच साथीत 10 मार्चला त्यांचे निधन झाले. त्या मुलाला त्यांनी वाहक म्हटले नाही. स्वतः त्याला वाहून नेले. आपला वारसा हा आहे.

तेव्हा करायचे काय? नाशिकच्या कार्यकर्त्यांपुढे पाच कामे ठेवते.

एक, माहितीच्या अधिकारात प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला विचारा : 2017 च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी कोण, त्यांचे नाव फलकावर कुठे आहे, आतापर्यंत किती तक्रारी निकाली काढल्या. फलक नसेल तर तो लावून घ्या.

दोन, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात कल्चर तपासणी मोफत, वेळेत आणि अहवाल रुग्णाच्या हातात, ही मागणी लावून धरा. कोणत्या औषधाला जंतू दाद देतो हे न पाहता अंदाजाने औषध बदलत राहणे हेच रोधकतेचे खत आहे.

तीन, खाटेवरचे स्टिकर काढा आणि प्रत्येक खाटेजवळ हात धुण्याची सोय द्या. सफाई कामगारांच्या लसीची आणि हातमोज्यांची नोंद मागा.

चार, एआरटी आणि कोट्रायमॉक्साझोलचा साठा संपला तर त्याच दिवशी आवाज उठवा. रुग्णाला एकट्याने भांडायला लावू नका.

पाच, अन्न व औषध प्रशासनाने एच-1 च्या वह्या तपासाव्यात आणि सिंहस्थाच्या खर्चात मैलापाणी शुद्धीकरण पहिल्या क्रमांकावर यावे, यासाठी महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या. गोदावरीच्या पाण्यातल्या रोधक जंतूंची तपासणी करून आकडे जाहीर करायला लावा.

हे होत नाही असे म्हणू नका. बेडाक्विलीन हे रोधक क्षयरोगावरचे औषध आठवा. टीबीचा जंतूही जीवाणूच, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सर्वांत मोठा मारेकरी. बलाढ्य जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने या औषधावरची मक्तेदारी लांबवण्यासाठी भारतात नव्या पेटंटचा अर्ज केला. त्याला विरोध कोणी केला? मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती त्या उपचारांतल्या औषधांनी गेलेली. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ज्यांना व्यवस्था 'केस' म्हणते, त्या दोघींनी कंपनीला हरवले.

2 मार्च 1930 ला याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या दारापुढे आपली माणसे उभी राहिली. प्रश्न देवाच्या दर्शनाचा नव्हता, माणूस म्हणून उभे राहण्याचा होता. आज वॉर्डाच्या शेवटच्या खाटेवर पडलेल्या माणसाचा प्रश्न तोच आहे. त्याच्या अंगातला जंतू या देशाच्या गटारातून, मेडिकलमधून, कारखान्यातून आणि वॉर्डातून आला आहे. तो जंतू त्याच्या माथी मारून हात झटकणाऱ्यांना सांगा : आधी ते हात धुवा.

जय भीम! जय संविधान!